कढईतली वाफ, डब्यातला वारा

कोथिंबीर वडी आणि कांदाभजी, दोन्हींत बेसन आहे आणि दोन्ही तळून खायची आपल्याकडे रीत आहे. तरी एअर फ्रायरमध्ये वडी झकास होते, आणि भजी मात्र होतच नाही. पीठ जाळीच्या भोकांतून खाली गळतं, उरलेलं जाळीला चिकटून कडक होतं आणि घरातली माणसं यंत्राला नावं ठेवतात. असं का होतं हे एकदा नीट समजलं, की यंत्र कोणतं घ्यावं, त्यात किती पदार्थ घालावा आणि नंतर ते कसं स्वच्छ करावं, यांतल्या बहुतेक प्रश्नांचा उलगडा होतो. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडा वेळ कढईपाशी थांबू.

तळणीचं तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअस तापलेलं असतं. त्यात ओलं पीठ पडलं की तेल त्याला एकदम चहूबाजूंनी भिडतं. पिठाच्या पृष्ठभागावरचं पाणी १०० अंशांना उकळून वाफ होतं. तेलात जे बुडबुडे दिसतात ते या वाफेचे. काही सेकंदांतच बाहेरचं कवच घट्ट होतं, म्हणून भज्याला जसा पडेल तसा आकार येतो. वाफ जोरात बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. बुडबुडे मंदावले, आणि विशेषतः पदार्थ बाहेर काढून निवू लागला, की पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. झाऱ्यावर भजी क्षणभर निथळू द्यायची सवय म्हणूनच मोलाची आहे.

एअर फ्रायरमध्ये वर एक तापणारी कॉइल असते आणि तिच्यावर पंखा. पंखा गरम हवा वेगाने खाली ढकलतो, ती पदार्थाला घासून जाळीच्या टोपलीतून फिरते आणि पुन्हा वर जाते. हवेचं तापमान तेलाइतकंच, म्हणजे १८० अंश ठेवता येतं. पण हवा विरळ असते आणि तिच्यात उष्णता फार कमी मावते. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालून ट्रे बाहेर काढतो. तितक्याच तापलेल्या तेलाचा एक थेंब उडाला तर फोड येतो. ही हवेची उणीव पंखा थोडी भरून काढतो. पदार्थाभोवती दमट हवेचा एक पातळ थर चिकटून राहतो, तो वाऱ्याने सतत उडवला जातो. पृष्ठभाग कोरडा पडतो, १०० अंशांच्या पुढे तापू लागतो आणि १४०च्या आसपास त्याला खमंग तपकिरी रंग चढायला लागतो. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या ज्या रासायनिक क्रियेमुळे हा रंग आणि वास येतो, तिचं वर्णन फ्रेंच वैज्ञानिक लुई कामीय मायार यांनी १९१२ साली केलं.

आता भज्याचं कोडं सुटतं. हवा इतक्या सावकाश उष्णता देते, की कवच धरायच्या आधीच पीठ ओघळून जातं. वडी आधी उकडलेली असते, तिचा आकार पक्का झालेला असतो. तिचा फक्त पृष्ठभाग सुकायचा असतो. थोडक्यात, जे यंत्रात जाण्याआधीच आपला आकार धरून आहे ते जमतं. कोथिंबीर वडी, अळूवडी, कटलेट, सुरणाचे आणि वांग्याचे काप, पनीर, भेंडी, रव्यात घोळवलेली सुरमई हे सगळं त्यात बसतं. भजी, बटाटेवडा, जिलबी यांचा नाद सोडावा. पुरीचाही. पुरी फुगते ती काही सेकंदांत आतल्या पाण्याची वाफ होऊन दोन पापुद्रे अलग होतात म्हणून. वाऱ्यात तिला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात वाफ निघून जाते आणि हातात कडक चकती येते. बटाटेवडा कमी तेलात करायचा असेल तर त्यासाठी आपल्या घरी आधीच एक चांगली सोय आहे: आप्पेपात्र. खळग्यात अर्धा चमचा तेल, पिठात बुडवलेला गोळा, वर झाकण. पीठ धरून ठेवायला खळगा असतो, म्हणून तिथे ते जमतं.

वाऱ्याची ही भट्टी फार नवी कल्पना नाही. विल्यम मॅक्सन या अमेरिकी संशोधकाने १९४०च्या दशकात विमानात गोठवलेली जेवणं गरम करण्यासाठी पंखा बसवलेली छोटी भट्टी तयार केली होती. आज ज्याला आपण एअर फ्रायर म्हणतो ते उपकरण फ्रेड फान डर वेइ या डच संशोधकाच्या कामातून पुढे आलं आणि फिलिप्सने ते २०१० साली बर्लिनच्या इफा प्रदर्शनात मांडलं. युरोपात ते बटाट्याच्या फ्राइजसाठी आलं. आपल्या ताटातले पदार्थ त्या वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते, त्यामुळे सोबतच्या पुस्तिकेतली वेळ आणि तापमान आपल्याला क्वचितच उपयोगी पडतं. आपली कोष्टकं आपल्यालाच तयार करावी लागतात.

त्यासाठी एक हिशेब माहीत असलेला बरा. १०० ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते. १५०० वॅटच्या यंत्राची सगळीच्या सगळी उष्णता त्या कामी लागली, तरी अडीच मिनिटं जातात. प्रत्यक्षात उष्णता डब्यात, भिंतीत आणि बाहेर जाणाऱ्या हवेत बरीच वाया जाते. म्हणजे पदार्थ दुप्पट घातला तर उडवायचं पाणीही दुप्पट, उष्णता मात्र तेवढीच. शिवाय तुकडे एकमेकांवर पडले की वारा मधून जात नाही आणि वाफ तिथेच कोंडते. पदार्थ मग उकडल्यासारखा मऊ होतो. यंत्राबद्दलच्या तक्रारींपैकी बहुतेक या एकाच कारणाने येतात. एकच थर ठेवावा, दोन तुकड्यांत थोडी जागा सोडावी आणि मध्यावर एकदा टोपली हलवावी किंवा तुकडे उलटावेत. पाच माणसांना वड्या हव्या असतील तर दोन घाणे काढावेत. तळणीचेही आपण घाणेच काढतो.

ओल्या बोंबलांचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. बोंबलात पाणी इतकं असतं, की कोकणात आणि मुंबईच्या कोळी घरांत ते चिरून, पसरून, वर पाट्यासारखं जड काही ठेवून पाणी काढतात, आणि मगच तव्यावर टाकतात. तेलात ही पायरी गाळली तर बोंबील नरम होतो; वाऱ्यात गाळली तर तो कुरकुरीत व्हायची आशाच सोडावी. बांगडा किंवा सुरमई सोपी. मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून ठेवलेल्या तुकडीला पाणी सुटतं, ते टिपून घ्यायचं, तांदळाचं पीठ आणि रवा मिसळून घोळवायचं आणि दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावायचं. १९० अंशांवर दहा ते बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तेल लावायला कंटाळलात तर रव्याचे पांढरे कोरडे डाग तसेच राहतात आणि दाताखाली कचकच येते.

तेल लागतंच, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. तेलाचा पातळ थर उष्णता पृष्ठभागावर सारखी पसरवतो, रंग एकसमान आणतो आणि मसाल्यांचा स्वाद उचलतो. पाव किलो बटाट्याच्या कापांना एक ते दीड चमचा पुरतं. पाच मिलिलिटरच्या चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास तेल, म्हणजे सुमारे ४० कॅलरी. ‘ऐंशी टक्के कमी चरबी’ अशी अक्षरं खोक्यावर दिसतात, ती तुलना भरपूर तेलात तळलेल्या फ्राइजशी असते. ज्या घरात तळण महिन्यातून एकदा होतं, तिथे वाचणारं तेल अगदी थोडं. उलट ज्या घरात रोज संध्याकाळी काहीतरी तळलेलं लागतं, तिथे फरक खरोखर मोठा आहे. त्यातही मला महत्त्वाची वाटते ती उरलेल्या तेलाची गोष्ट. वारंवार तापवलेल्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ नावाचे घटक साठतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरता येत नाही. हा नियम हॉटेलं आणि फरसाणवाल्यांसाठी आहे. घरी मोजायला साधन नसतं, टाकवत तर नाहीच, म्हणून तेच काळसर तेल फोडणीला, पुन्हा तळणाला असं फिरत राहतं. चार माणसांच्या वड्यांसाठी कढईभर तेल तापवावं लागलं नाही, की हा प्रश्नच उरत नाही. आणि उन्हाळ्यात, पंखा बंद करून, उकळत्या कढईसमोर उभ्या राहणाऱ्या बाईची त्यातून सुटका होते, हा फायदा कुठल्याही खोक्यावर छापलेला नसला तरी मी तो सर्वांत वर ठेवीन.

मात्र दिवाळीचं फराळ हा वेगळा विषय आहे. शंकरपाळी बरी होते, कारण तिच्यात भरपूर मोहन असतं आणि ती मुळात बिस्किटांची बहीण शोभते. १६० अंशांवर, वरून थोडं तूप लावून, सावकाश करावी. करंजीही होते, पण तिला खारीसारखा भाजका पापुद्रा येतो. आवडतो काहींना. चकलीचं मात्र जमत नाही. तिची खुसखुशीत नळी मोहन आणि तळणीचं तेल या दोघांनी मिळून घडते. वाऱ्यातली चकली गरम असताना चालते, दुसऱ्या दिवशी दात दुखवते, आणि फराळ तर डब्यात पंधरा दिवस टिकायला हवं. अनारशाला जाळी पडते ती तुपातच. सणाची चार दिवसांची तळणी कढईत करावी आणि वर्षभराचं रोजचं खाणं यंत्रात, असं माझं ठाम मत आहे.

रोजच्या खाण्यात हे यंत्र खरं उपयोगी पडतं ते तळणाबाहेरच्या कामांत. कुटासाठी शेंगदाणे भाजायला गॅससमोर उभं राहून सारखं हलवावं लागतं; इथे १६० अंशांवर आठ-दहा मिनिटांत, दोनदा टोपली हलवून, सगळे दाणे आतपर्यंत सारखे भाजले जातात. मखाणे, पातळ पोह्यांच्या चिवड्याचे पोहे, सुकं खोबरंही भाजता येतं. पोहे मात्र हलके असल्याने खोल भांड्यात घालून वर जाळी ठेवावी. भरताचं वांगं टोचून, तेलाचा हात लावून १९० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं की गर मऊ होतो. टोचायला विसरू नये, आतल्या वाफेने वांगं फुटतं. त्यात धुराचा वास येत नाही, कारण ज्योतीवर साल जळलेली नसते. शेवटी दोन मिनिटं गॅसवर धरलं की तोही येतो. कालचा सामोसा किंवा वडा मायक्रोवेव्हमध्ये ओलसर आणि चिवट होतो, तो इथे १६० अंशांवर पाच मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतो. पापडही भाजता येतो, फक्त तो वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतो, म्हणून वर स्टीलची छोटी घडवंची ठेवावी.

बटाट्याबद्दल एक सूचना. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले की त्यांत अॅक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली जाहीर केलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगाला कारण ठरलं आहे, म्हणून ते कमीत कमी असावं असा सल्ला दिला जातो. ते तळणीत होतं तसं वाऱ्यातही होतं. चिरलेले काप अर्धा तास पाण्यात ठेवून, निथळून, पुसून घ्यावेत आणि सोनेरी रंगावर काढावेत. गडद तपकिरी होऊ देऊ नयेत. पाण्यात ठेवल्याने वरचा स्टार्च आणि साखर धुतली जाते, आणि काप जास्त कुरकुरीत होतात, हा वरचा लाभ.

आता खरेदी. दुकानात सगळे लिटर सांगतात. पण आपण एकच थर ठेवणार आहोत, तेव्हा कामाचा आकडा टोपलीच्या तळाच्या लांबी-रुंदीचा आहे. चार लिटरची खोल, अरुंद गोल टोपली आणि चार लिटरची चौकोनी, पसरट टोपली यांत दुसरीत वड्या जास्त बसतात. टोपली मागून घ्यावी, हाताने तळ मोजावा आणि आपल्या घरच्या किती वड्या त्यात मावतील याचा अंदाज घ्यावा. दोघांच्या घराला चार लिटरच्या आसपासचं पुरतं, चौघांना पाच ते सहा. दहा-बारा लिटरची, ओव्हनसारखं दार असलेली यंत्रं एका वेळी दोन ट्रे घेतात. त्यांत वरचा ट्रे लवकर होतो, म्हणून मध्ये अदलाबदल करावी लागते, आणि धुवायला जास्त भाग निघतात. दोन कप्प्यांची यंत्रं मोठ्या कुटुंबाला सोयीची, पण ओट्याची बरीच जागा अडवतात. काच असलेल्या दारातून पदार्थ दिसतो, ही सोय मात्र छानच आहे. पडद्यावर बोटाने चालणारी बटणं की फिरवायच्या दोन चकत्या, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. घरातल्या आजींना चकत्या सोप्या जातात एवढं खरं.

विजेकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि तिथेच धोका असतो. ही यंत्रं साधारण १२०० ते १७०० वॅटची असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १३८० वॅटला संपते. म्हणून गीझर किंवा फ्रिजला असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट ओट्याजवळ आहे का, ते आधी पाहावं. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्डावर किंवा मल्टिप्लगवर हे यंत्र कधीच लावू नये. जुन्या चाळींत आणि वाड्यांत वायरिंग पातळ असतं, तिथे तर ही काळजी दुप्पट घ्यावी. बिलाची चिंता फारशी नको: १५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं अखंड तापलं तरी अर्धं युनिट होतं, आणि थर्मोस्टॅट मधून मधून कॉइल बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. अमेरिकेतून मुलाने किंवा मुलीने प्रेमाने आणलेलं यंत्र मात्र इथे तसंच लावू नये. ते १२० व्होल्टचं असतं, आपल्या विजेवर जळून जाईल.

यंत्राच्या मागे गरम हवा बाहेर पडायची जाळी असते. भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवावं, वर कपाट नसावं, आणि रिकाम्या शेगडीवर ठेवून वापरायचा मोह टाळावा. चुकून गॅसची खिट्टी फिरली तर काय होईल, याचा विचारही नको वाटतो.

टोपलीवरचा काळा गुळगुळीत लेप बहुतेक वेळा पीटीएफईचा, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. तो २६० अंशांच्या वर बिघडू लागतो; यंत्राची कमाल मर्यादा साधारण २०० अंश असते, त्यामुळे नेहमीच्या वापरात तिथवर वेळ येत नाही. मात्र अति तापलेल्या लेपाच्या धुराने पाळीव पक्षी दगावतात, तेव्हा घरात पोपट असेल तर त्याचा पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा. लेपाचा खरा शत्रू म्हणजे चरे. स्टीलचा चिमटा, काटा, तारेची घासणी आणि घासायची पावडर यांनी तो महिन्याभरात उतरतो. दाबून मारायच्या कॅनमधल्या काही तेलांत लेसिथिन असतं, ते तापून लेपावर चिकट थर धरतं; साध्या ब्रशने तेल लावणं सगळ्यांत चांगलं. अॅल्युमिनियमच्या कागदावर चिंच, कोकम किंवा लिंबू लावलेला मासा ठेवू नये. आंबटाने अॅल्युमिनियम विरघळून पदार्थात उतरतं. कागदी अस्तर वापरलंच तर त्यावर पदार्थाचं वजन हवं. रिकामं यंत्र तापवताना घातलं तर कागद उडून कॉइलला लागतो आणि पेटतो. तसंही, सगळी भोकं झाकली की वारा खालून फिरत नाही.

साफसफाई त्याच रात्री करावी. मासळीचा वास आणि तेलाचा थर दोन्ही शिळे झाले की हटत नाहीत, आणि आतला चुरा झुरळांना आवतण देतो. प्लग काढून यंत्र निवू द्यावं. टोपलीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून वीस मिनिटं भिजत ठेवावी, मग मऊ स्पंजाने पुसल्यासारखी घासावी. जाळीच्या भोकांत अडकलेला रवा जुन्या टूथब्रशने निघतो. गरम टोपलीवर थंड पाणी ओतू नये, लेप तडकतो. भांडी घासायला मावशी येत असतील तर ही टोपली त्यांच्या ढिगात ठेवू नये, किंवा त्यांना आधी नीट दाखवून स्पंज वेगळा द्यावा. त्यांच्या हाताला काथ्या आणि तारेची सवय असते, आणि त्यांना न सांगता नंतर बोल लावणं हा अन्याय आहे.

कॉइलकडे महिन्यातून एकदा पाहावं. धूर येण्याचं कारण बहुधा तिथेच असतं. चरबीवाल्या मटणाचे, चिकनच्या सालीचे शिंतोडे वाऱ्याने उडून कॉइलवर बसतात आणि पुढच्या वेळी जळतात. पूर्ण निवलेलं यंत्र टोपली काढून उलटं किंवा आडवं ठेवावं, मऊ ब्रशने सुकी काजळी झाडावी, मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावं. चिकट थर असेल तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट ब्रशने लावून पंधरा मिनिटांनी पुसून काढावी. यंत्राच्या अंगावर पाणी किंवा फवारा कधीच मारू नये. कॉइलच्या पलीकडे मोटर आणि तारा आहेत. सगळं कोरडं झाल्यावर टोपली लावून दोन-तीन मिनिटं रिकामंच चालवावं, उरलेली ओल जाते. चरबीचं मांस करताना खालच्या ट्रेमध्ये, जाळीला लागणार नाही एवढं, दोन चमचे पाणी घातलं तर गळणारी चरबी जळत नाही आणि धूर कमी होतो. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत याला मनाई नाही ना, ते आधी पाहून घ्यावं.

एवढं जपूनही काही वर्षांत लेप सोलवटायला लागतो. त्याचा एखादा कण पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण लेप गेलेल्या जागी पदार्थ चिकटतो, आपण जास्त घासतो आणि आणखी लेप जातो. त्या वेळी फक्त टोपली बदलता आली पाहिजे. म्हणून यंत्र घेतानाच दुकानदाराला विचारावं: या मॉडेलची टोपली सुटी मिळते का, केवढ्याला, आणि गावात किंवा जवळच्या शहरात दुरुस्ती केंद्र आहे का. ‘मिळेल, मिळेल’ असं मोघम उत्तर आलं तर ग्राहक सेवेला दुकानातूनच फोन लावावा आणि किंमत लिहून घ्यावी.